तिजोरीतलं दूध

१

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता बाईंनी कपाटातली तिजोरी उघडली, तर आत घराच्या कागदांची फाइल नव्हती. फाइलच्या जागी दुधाची पिशवी होती.

अर्ध्या लिटरची, हिरवी, फुगून टम्म झालेली. बाईंनी ती दोन बोटांत धरून बाहेर काढली आणि आमच्याकडे पाहिलं. खोलीत त्यांचा मुलगा, मुलगी, घराचा सौदा जमवणारा एजंट आणि मी असे चौघं होतो. रंगारी ब्रश हातात धरून दारात उभा होता.

मुलगा पुढे आला. लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, “आई, फाइल कुठे ठेवलीस, आठवतंय का?”

“तिजोरीत.”

“आणि दूध?”

“दूध मी ठेवलेलं नाही.”

“कुलूप फोडलेलं नाही. दुसरी किल्ली कधीच हरवली. ही एकच, आणि ती तुझ्या गळ्यात असते.”

“किल्ली माझ्या गळ्यात आहे, म्हणून दूध माझ्या डोक्यात आहे असं होत नाही,” बाई म्हणाल्या.

बाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं होतं, त्यामुळे भांडतानाही त्यांचं वाक्य कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पूर्ण असायचं. पण पिशवी त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती.

एजंटनं घसा साफ केला. “रविवारी घर घेणारी मंडळी सही करायला येणार आहेत. मूळ कागद उद्या संध्याकाळपर्यंत त्यांच्या वकिलाला दिसले नाहीत, तर ते दुसरं घर बघतील. तसं त्यांनी आधीच सांगितलंय.”

“बघू देत,” मुलगा म्हणाला. “विक्री थांबवा. आधी आईला डॉक्टरांना दाखवू. ते काय लिहून देतात त्यावर पुढचं आम्ही दोघं ठरवू.”

मुलीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंनी तो हळूच बाजूला केला आणि माझ्याकडे वळल्या.

“आवरताई, या घरातली प्रत्येक वस्तू तुझ्या हाताखालून गेली आहे. फाइल शोध. कुणी घेतली तेही शोध. आणि शेवटी ती मीच निघाले, तर तसं माझ्या तोंडावर सांग. पाठीमागे कुजबुज नको.”

२

विकायचं घर गिऱ्हाइकाच्या नजरेत भरेल असं करून देणं हा माझा धंदा, म्हणून सगळे मला आवरताई म्हणतात. लोक समजतात तसं यात झाडलोट कमी आणि काढून टाकणं जास्त असतं. मी निम्मं सामान हलवते, भिंतीवरचे फोटो उतरवते, मिणमिणते दिवे बदलते आणि कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांना तेल घालते. कपाटं अर्धी रिकामी ठेवते, कारण घर बघायला आलेला माणूस कपाट उघडतोच, आणि गच्च भरलेलं कपाट दिसलं की त्याला घर लहान वाटायला लागतं. या घरासाठी मला पाच दिवस मिळाले होते. सोमवार ते शुक्रवार.

पहिल्या दिवशीच मी बाईंच्या हातात तीन रंगांच्या चिठ्ठ्या दिल्या. हिरवी म्हणजे सोबत न्यायचं, पिवळी म्हणजे देऊन टाकायचं, लाल म्हणजे फेकायचं. पुष्कळ लोक पहिल्या कपबशीपाशीच रडायला लागतात. बाईंनी एका दुपारीत सगळा दिवाणखाना उरकला. नवऱ्याच्या आरामखुर्चीला पिवळी चिठ्ठी लावली, थोडा वेळ तिच्यात बसल्या आणि उठून पुढच्या खोलीत गेल्या.

मंगळवारी फ्रिज धुऊन देऊन टाकला. त्याच दिवशी बाईंनी दूध बंद केलं. बुधवारी मुलगा आला तेव्हा त्याच्या हातात कोरा चहा पडला. त्यानं तोंड वाकडं केलं, तर बाई म्हणाल्या, “घर विकायचंय मला. हॉटेल चालवायचं नाही.” एजंटनंही तोच चहा घेतला आणि वकिलासाठी फाइलच्या प्रती काढून आणल्या. मूळ फाइल बाईंनी त्याच्यादेखत तिजोरीत ठेवून कुलूप लावलं. हे बुधवारी संध्याकाळी.

गुरुवारी स्वयंपाकघराच्या फरशीच्या फटींत पांढरं सिमेंट भरलं आणि दोन दिवस कुणी पाय ठेवू नये म्हणून दारात दोरी बांधली. चहाची शेगडी बोळात आली. त्या दुपारी बाई आणि मी सोडून घरात चौघं होती. रंगारी, दारं-खिडक्यांची मापं घेणारा एजंट, वडिलांचं टेबल न्यायला आलेला मुलगा, आणि नदीपलीकडून डबा घेऊन आलेली मुलगी. मुलगी रात्री आईजवळच राहणार होती.

चारच्या सुमाराला, माळा झाडून धुळीनं माखलेल्या बाई अंघोळीला गेल्या. किल्लीचा दोरा त्या एरवी गळ्यातून काढत नसत. फक्त अंघोळीच्या वेळी चष्म्यासोबत बाहेरच्या खिळ्याला अडकवत. त्या वीस मिनिटांत मी अंगणात भंगारवाल्याला लाल चिठ्ठीचं सामान मोजून देत होते.

म्हणजे वीस मिनिटं, एक किल्ली आणि चार माणसं. बाई धरल्या तर पाच.

बाईंना यादीतून वगळायची माझी फार इच्छा होती. पण त्यांनीच मला बजावलं होतं.

३

आधी मी मुलाला गाठलं. तो अंगणात फेऱ्या मारत होता.

“तुम्हाला हे घर विकायला नको आहे,” मी म्हटलं.

“नकोच आहे. लपवतोय कुठे?” तो उसळला. “मी इथे वाढलो. आणि ही या वयात एकटी एका खोलीत राहायला निघाली! लोक मला काय म्हणतील?”

“फाइल तुम्ही घेतलीत?”

“घेतली असती तर सरळ समोर घेतली असती. मी आरडाओरडा करतो, ताई. लपवाछपवी मला जमत नाही. लहानपणी बिस्किट चोरलं तरी चेहऱ्यावर दिसायचं.”

मग एजंट. तो घामाघूम झाला होता. “सौदा मोडला तर माझे तीन महिने पाण्यात. मी कशाला माझ्याच पायावर कुऱ्हाड मारू?” हे पटण्यासारखं होतं. पण गुरुवारी दुपारी मापं घेत तो बाईंच्या खोलीत एकटाच होता, आणि ते त्यानं मला तीनदा विचारल्यावर कबूल केलं.

रंगाऱ्यानं ब्रश खाली न ठेवताच उत्तर दिलं. “या घराचे कागद घेऊन मी काय करू, ताई? माझ्या घराचे कागदसुद्धा माझी बायकोच सांभाळते. आणि कपाटाला मी हात लावला असता, तर माझ्या बोटांचा रंग तिथे दिसला असता. बघा जाऊन.”

मी जाऊन पाहिलं. कपाट, मूठ, तिजोरीचं दार, सगळं स्वच्छ होतं. त्याच्या बोटांना मात्र नखांपर्यंत फिका पिवळा रंग लागलेला होता.

सगळ्यांत शेवटी मुलगी. ती आईच्या पलंगावर कडेला बसली होती, शेजारी तिचा रिकामा डबा आणि पाण्याची बाटली. मी बोळातल्या शेगडीवरून तिच्यासाठी चहाचा कप आणला होता. तिनं मान हलवली.

“मी चहा घेत नाही. कधीच नाही घेतला.” मग डोळे पुसून म्हणाली, “कुणाला दोष देऊ नका. आईचं वय झालंय, एवढंच. मी तिला माझ्याकडे नेणार आहे. खोलीसुद्धा तयार ठेवली आहे.”

“काल रात्री बाई उठून कुठे गेल्या होत्या का?”

“नाही हो. मी शेजारीच झोपले होते. माझी झोप सावध आहे. संध्याकाळपासून सकाळपर्यंत आई फाटकाबाहेर पडलेली नाही. ते मी खात्रीनं सांगते.”

तिनं एवढ्या खात्रीनं सांगितलेली ही गोष्ट किती मोठी आहे, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

४

पिशवी मी कागदात गुंडाळून कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. दुकानदारानं लांबूनच नाक मुरडलं.

“ही आमची नाही. आमच्याकडे निळी येते. हिरवी पिशवी नदीपलीकडच्या डेअरीची. पुलाच्या अलीकडे ती मिळतच नाही.”

“तारीख?”

त्यानं चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. “गुरुवारची. म्हणजे कालची.”

मी परतले तेव्हा बाई रिकाम्या दिवाणखान्यात एका खोक्यावर बसल्या होत्या. पडदे काढल्यामुळे खोलीभर ऊन होतं, आणि उन्हात त्या एवढ्याशा दिसत होत्या.

“दार लाव,” त्या म्हणाल्या. मी दार लावलं.

“एक विचारते. खरं सांग. मी ठेवलं असेल का ते दूध?”

मी तोंड उघडायच्या आत त्याच बोलल्या. “गेल्या हिवाळ्यात मी गॅस चालू ठेवून झोपले होते. नशिबानं त्या दिवशी मुलगी आली, तिनं खिडक्या उघडल्या. आम्ही दोघींनी कुणाला सांगितलं नाही. पण मला ते आठवतं. नीट आठवतं. म्हणून तर घर विकते आहे. नवी जागा पहिल्या मजल्यावर आहे, शेगडी विजेची आहे, समोर दवाखाना आहे. मला ठाऊक आहे की मी म्हातारी होते आहे. म्हणून हातपाय चालताहेत तोवर माझी सोय मीच करते आहे. तो हक्क माझा आहे की नाही?”

“आहे.”

“पण दूधही मीच ठेवलं असेल, तर तो हक्क गेला. सकाळपासून मी आठवून बघते आहे. अंघोळ आठवते. खिळा आठवतो. दूध आठवत नाही. आणि आठवत नाही, हाच तर त्यांचा पुरावा आहे.”

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं काढलेली ती बाई, स्वतःच्या डोक्यात चूक शोधत बसली होती. मला फाइल गेल्याचा आला नव्हता तेवढा राग याचा आला.

“बाई,” मी म्हटलं, “काल तुम्ही दिवसभर माझ्यासोबत होतात. रात्री तुमची मुलगी तुमच्याशेजारी होती. ही पिशवी कालची आहे आणि पुलापलीकडची आहे. तुम्ही ती आणूच शकत नव्हता.”

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा आवाज पुन्हा वर्गातला झाला होता.

“मग आणली कुणी?”

“पलीकडे तिघं राहतात. एजंट, मुलगा आणि मुलगी.”

“तिघांत कोण?”

ते मला त्याच क्षणी कळलं होतं. पण आधी फाइल हातात यायला हवी होती.

मी खोक्यांच्या रांगेकडे गेले. खोका बंद करताना मी चिकटपट्टीचं टोक नेहमी आत दुमडते, म्हणजे नव्या घरात उघडताना ते नखानं शोधत बसावं लागत नाही. इतक्या वर्षांची हाताची सवय आहे. एकोणीस खोक्यांपैकी अठरांची टोकं दुमडलेली होती. एकाचं सपाट चिकटवलेलं होतं.

त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: गरम कपडे.

“बाई, हा खोका आधी मालट्रकमधून जाणार होता ना?”

“हो. पण काल संध्याकाळी बदललं. म्हणाली, एवढा एक मी माझ्या गाडीतून नेते.” बाईंचा आवाज मध्येच थांबला. मग त्या उठल्या. “सगळ्यांना बोलाव. आणि खोका माझ्यासमोर उघड.”

५

सगळे जमले. बसायला खुर्च्या उरल्या नव्हत्या, म्हणून भिंतींना न टेकता उभे राहिले. रंग ओला होता.

“हे काम करणाऱ्याला एकच दाखवायचं होतं,” मी म्हटलं. “बाईंना आता भान राहत नाही. त्यासाठी तिजोरीत काय ठेवावं? घरातली वस्तू. चष्मा, साबण, बूट, काहीही. विसराळू माणूस हाताशी असेल ते भलतीकडे ठेवतो. पण या घरात मंगळवारपासून दुधाचा थेंब नाही. फ्रिज गेला, दूध बंद झालं. ज्यानं ज्यानं इथे चहा घेतला, त्याला हे माहीत आहे.” मी मुलाकडे पाहिलं. “तुम्ही बुधवारी तक्रार केलीत.”

“केली,” तो म्हणाला.

“एजंटनं दोन दिवस कोरा चहा घेतला. रंगाऱ्यानं चार दिवस. घरात नसलेली वस्तू बाहेरून आणून बाईंच्या विसरण्यावर ढकलायची, हे यांच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. दूध आणलं ते अशा माणसानं, ज्याला वाटत होतं की या घरात रोजच्यासारखं दूध येतं. तो माणूस काल दुपारी आला. स्वयंपाकघराला दोरी होती, म्हणून फ्रिज गेलेला त्याला दिसला नाही. डबा त्याचा, पाणी त्याचं. आणि तो चहा घेत नाही.”

भाऊ सावकाश बहिणीकडे वळला.

मी खोका उघडला. वरचे दोन स्वेटर बाजूला केले. तिसऱ्याच्या आत, बाह्यांची नीट गाठ मारून गुंडाळलेली, फाइल होती.

मुलीनं नाकारलं नाही. ती खाली फरशीवर बसली.

“आज सकाळी तू कोरा चहा प्यायलीस तेव्हा माझ्या लक्षात आलं,” ती आईला म्हणाली. “पण तोवर किल्ली परत तुझ्या गळ्यात गेली होती.” मग ती म्हणाली, “तो गॅसचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही, आई. मी रोज सकाळी फोन करते आणि तू उचलेपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. तू एकटी राहणार म्हणालीस. दादा नुसता ओरडतो, तू ऐकत नाहीस. मला दुसरं काही सुचलं नाही. फाइल मी जपूनच ठेवणार होते.”

“फाइल जपलीस,” बाई म्हणाल्या. “माझं काय केलंस?”

मुलीनं तो स्वेटर ओढून मांडीवर घेतला.

“घाबरलीस, हे मला समजतं. तू भांडली असतीस, दाराला आडवी पडली असतीस, तरी मला चाललं असतं. पण आज सकाळी नऊपासून माझा माझ्याच डोक्यावर विश्वास राहिला नव्हता. म्हातारपणात माणसाकडे दुसरं असतं काय? ते मी विसरणार नाही. मला सगळं आठवतं, हे आता सिद्धच झालं आहे.”

मुलगा पुढे होऊन म्हणाला, “आई, मीसुद्धा लगेच डॉक्टरांचं—”

“तुझं नंतर,” बाई म्हणाल्या. “रांगेत उभा राहा.”

मग त्यांनी फाइल उचलली, पानं मोजली आणि एजंटच्या हातात दिली. “वकिलाला आजच दाखवा. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?”

६

रविवारी दहा वाजता घर तयार होतं. खिडक्या उघड्या, फरशी कोरडी, दिवे लख्ख. घेणारं जोडपं आणि त्यांचा वकील आले. घर दाखवायचं काम एजंटचं असतं. बाईंनी त्याला बसवून ठेवलं आणि स्वतः दाखवलं. पाणी कधी येतं, कुठली खिडकी पावसात घट्ट होते, माळ्यावर चढताना डोकं कुठे आपटतं, काही लपवलं नाही. मी माझ्या धंद्यात इतका प्रामाणिक विक्रेता पाहिला नव्हता. मला वाटलं सौदा गेला. पण घेणारी बाई त्यांच्यामागून फिरताना वहीत एकेक गोष्ट लिहून घेत होती.

वकिलानं करार टेबलावर ठेवला. टेबल वडिलांचंच होतं, मुलानं ते आपण होऊन एका दिवसासाठी परत आणलं होतं. वकील बाईंकडे न बघता मुलाला म्हणाला, “आजींना थोडक्यात समजावून सांगू का?”

मुलगा काही बोलणार होता. मग त्यानं करार आईपुढे सरकवला.

“थोडक्यात नको,” बाई म्हणाल्या. “मी वाचते.”

आणि त्यांनी वाचला. बत्तीस पानं, पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं. कुणाला मध्ये उठू दिलं नाही. एजंटनं घड्याळ पाहिलं, तेव्हा त्याच्याकडे चष्म्यावरून बघून थांबल्या आणि तोच परिच्छेद पुन्हा वाचला. अकराव्या पानावर पूर्वेची हद्द पश्चिमेला लिहिलेली सापडली. सव्विसाव्या पानावर एका वाक्यात दोन कर्ते होते आणि क्रियापद एकाचंही नव्हतं. वकिलानं ते तीन वेळा वाचलं, लाल झाला आणि पेन काढलं.

“असं ठेवलं असतं तर भांडण कुणाचं कुणाशी लागलं असतं, हे कोर्टालाही कळलं नसतं,” बाई म्हणाल्या. दुरुस्त्यांवर त्यांनी वकिलाची सही घेतली. मग शेवटच्या पानावर स्वतःची केली.

मंडळी गेली. मालट्रक भरला. मुलगी शुक्रवारपासून आलीच नव्हती, ती आता फाटकाशी उभी दिसली. आत यायचं धाडस करत नव्हती. बाई पर्स खांद्याला लावून पायऱ्या उतरल्या आणि तिच्यासमोर थांबल्या. मी ट्रकची दोरी बांधत होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

“आई, नव्या घरी मी भेटायला येऊ?”

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मी वाट बघत होते की त्या तिला जवळ घेतील. त्यांनी घेतलं नाही. पण तिच्या खांद्यावर चिकटलेला दोऱ्याचा तुकडा काढून टाकला.

“ये,” त्या म्हणाल्या. “पण आधी फोन करून ये. मी घरी असेनच असं नाही.”